पाव तासाचा आवाज

आठवीच्या वर्गात मी फळ्याशेजारी उभी होते आणि माझा आवाज टेबलावरच्या काळ्या स्पीकरमधून येत होता. स्पीकरमधली मी हिंदीत सांगत होते की माळव्याची माती काळी का असते आणि उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा का पडतात. खरी मी हातात खडू घेऊन गप्प. मुलं माझ्याकडे बघतही नव्हती, सगळ्यांचे डोळे त्या डब्याकडे. आणि राग कशाचा आला म्हणाल तर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल एवढी शांतता होती. मी स्वतः बोलायचे तेव्हा या पोरांनी मला अशी शांतता कधी दिली नव्हती.

घसा त्या उन्हाळ्यात बसला तो बसलाच. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. शिक्षकाचा घसा बसणं म्हणजे धोब्याचे हात ओले असणं, त्यात काय विशेष. मिठाच्या गुळण्या झाल्या, मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध झाला, उज्जैनच्या नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बाईचा एकेक काढा पिऊन झाला. शेवटी यजमानांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. त्यांवर दोन बाजूंना दोन दाणे उठले होते. मास्तर लोकांना होतं हे, असं म्हणाले, आणि तुम्ही साधारण किती मोठ्यानं बोलता असं विचारलं. चारचौघांसारखंच, असं मी त्या फाटक्या आवाजात सांगितलं. शेजारी बसलेल्या यजमानांना त्याच वेळी खोकला आला.

संपूर्ण मौन सांगितलं. फोन नाही, हाक नाही, कुजबुज तर बिलकुल नाही, कारण कुजबुजीनं घसा जास्त ताणला जातो. पावसाळाभर असं राहा, मग बघू. आमच्या माहेरी, म्हणजे याच गावात, कुणी दुपारभर गप्प बसलं तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघत. अशा घरात वाढलेल्या बाईला डॉक्टर पावसाळाभर गप्प बसायला सांगत होते. मी मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडले, तेही आवाज न करता.

प्राचार्यबाईंनी रजा घ्या म्हणून सांगितलं. रजा भरपूर शिल्लक होती, पण नोकरी फारशी शिल्लक नव्हती. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं, त्यातले महिने घरी बसून घालवायचे हे मला मंजूर नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं की माझ्याकडे रेकॉर्डिंग आहेत, मी ती वर्गात लावीन. त्या रेकॉर्डिंगांना मुलं पॉडकास्ट म्हणत. आमच्या कॉम्प्युटरच्या तरुण बाईंनी ते नाव दिलं होतं, माझ्या जिभेवर ते कधीच बसलं नाही.

ती रेकॉर्डिंग कशी झाली हे सांगायला हवं. महामारीत शाळा बंद होत्या तेव्हाची गोष्ट. अर्ध्या मुलांच्या घरी व्हिडिओ पाहण्याएवढं नेट नव्हतं, म्हणून ठरलं की प्रत्येक शिक्षकानं छोटे छोटे ऑडिओ धडे करून पाठवायचे. मी आतल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला आणि मे महिन्याच्या उकाड्यात घामानं निथळत पुस्तकातलं एक पान फोनसमोर वाचलं. कॉम्प्युटरच्या बाईंनी ते ऐकलं. मुलगी फार सभ्य. म्हणाली, मैडम, जानकारी तो पूरी है, बस थोड़ी नींद आती है. मला नींदेचा राग आला, पण तिचं खरं होतं. मला समोर तोंड दिसल्याशिवाय शिकवताच येत नाही. कोण समजलं, कोण नुसती मान हलवतंय, कोणाचं लक्ष खिडकीबाहेर आहे, हे बघत बघतच माझं पुढचं वाक्य तयार होतं. फोनला तोंड नसतं.

म्हणून मी यजमानांनाच माझा वर्ग केलं. ते बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसून माझ्या प्रत्येक डब्याचं झाकण घट्ट आहे की नाही हे तपासत होते. त्यांना पलंगावर भिंतीला टेकून बसवलं आणि सांगितलं की तुम्ही आठवीत आहात, तोंडातून आवाज काढायचा नाही. पहिले दोन धडे ते खरोखर गप्प बसले. तिसऱ्या धड्याला त्यांनी हात वर केला.

यजमान मूळचे साताऱ्याकडचे. बँकेनं बदली करून उज्जैनला पाठवलं, इथे माझं स्थळ आलं आणि ते इथलेच झाले. आमचं घराणं दोन-अडीचशे वर्षांपासून माळव्यात, त्यामुळे माझी मराठी त्यांना कायम चेष्टेचा विषय. मी "काय करून राहिलात?" असं विचारलं की ते म्हणणार, "राहिलोय तर इथेच, करतोय काही नाही." पण त्यांच्या हिंदीची गत माझ्या मराठीपेक्षा वाईट होती. हात वर करून त्यांनी विचारलं, "मैडम, वो हमारे तरफ नदी पूरब को जाती. ये शिप्रा इधर उत्तर को क्यों जाती?"

फोन चालू होता. मी रागावणार होते, पण प्रश्न चांगला होता. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसालाच पडेल असा. मी म्हटलं, पीछे वाले ने बहुत अच्छा पूछा, आणि मग माळव्याचं पठार उत्तरेकडे कसं उतरत जातं ते मी त्या पलंगालाच पठार करून सांगितलं. उशी काढून घेतली, यजमानांना सरकायला लावलं. हे सगळं आवाजात आलं. धडा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या बाईंचा फोन की मुलं विचारताहेत, ये पीछे वाले अंकल कौन हैं.

पीछे वाले म्हणायचं कारण साधं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि हिंदीत, वर्गात, विद्यार्थी झालेल्या नवऱ्याला हाक तरी काय मारायची. ते नाव चिकटलं. पुढच्या सगळ्या धड्यांत पीछे वाले होतेच. ते मुद्दाम चुकीची उत्तरं देत. एकदा त्यांनी धडा चालू असताना शेव खाल्ली आणि तो कुरकुर आवाज नर्मदेच्या खोऱ्यात कायमचा बसला. मग त्यांना मजा येऊ लागली. आदल्या दिवशी पुस्तक वाचून, मुलं कुठे अडकतील हे हुडकून ते प्रश्न तयार ठेवायचे. मी वैतागायचे, आवाज चढवायचे, आणि शेवटी आम्ही दोघं हसायचो. बाहेर जग बंद होतं, माणसं जात होती, आणि आतल्या खोलीत गोधड्यांच्या आड आमचा संसार आठवीचा भूगोल शिकत होता. लग्नानंतर एवढं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं.

तीच रेकॉर्डिंग आता मी वर्गात लावत होते. देवास गेटच्या बाजारातून यजमानांनी चांगला स्पीकर आणून दिला. पद्धत मीच बसवली. धड्यात पीछे वाल्यांचा प्रश्न आला की मी बटण दाबून थांबवायचे आणि वर्गाकडे बघायचे. मुलं तुटून पडायची. रेकॉर्डिंगमधल्या मॅडमनं उत्तर द्यायच्या आत आपण द्यायचं, ही चढाओढ. मग बटण सोडायचे, मॅडमचं उत्तर यायचं, आणि ज्याचं जुळलं तो बाकावर उभा राहायचा. चाचणी परीक्षेत वर्गाचे गुण वाढले. प्राचार्यबाई येऊन मागे बसून गेल्या, खूश झाल्या, आणि दुसऱ्या तुकड्यांनाही लावायचं म्हणाल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की बघा, तुम्हाला आता त्रास करून घ्यायची गरजच नाही. त्यांनी प्रेमानंच म्हटलं. मला मात्र ते दिवसभर टोचलं.

कारण शिकवणं चाललं होतं, मी थांबले होते. स्पीकरमधल्या बाईचा आवाज खणखणीत. तिला दम लागत नव्हता. तिला सगळं येत होतं, फक्त समोरचं एकही मूल दिसत नव्हतं. ती "बच्चों" म्हणत होती. मी कधी "बच्चों" म्हणून शिकवलं नाही. मी नावानं शिकवते. तू सांग, तू उठ, तू काल आली नव्हतीस, तुझ्या भावाला मी शिकवलंय, तोही असाच खिडकीकडे बघायचा. आता मला ते खडूनं बोट दाखवून करावं लागत होतं, आणि बोट दाखवलेलं मूल दचकत होतं, हाक मारलेलं मूल दचकत नाही.

सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर हजेरी. हजेरी मॉनिटर मुलगी घ्यायची, नावं गिळत, सगळी एका सुरात. माझ्यासाठी दिवसाची सुरुवात हजेरी होती. नाव घेतलं की "यस मैडम" येतं, आणि त्या दोन शब्दांवरून मला कळायचं की कोण न जेवता आलंय, कोणाच्या घरी काल भांडण झालंय, कोणी गृहपाठ केलेला नाही. एका मुलीचं "यस मैडम" आईच्या आजारपणात कसं बारीक होत गेलं ते मी महिनाभर ऐकलं होतं. आता मॉनिटर नाव घेई, मुलं मॉनिटरला "यस" म्हणत, त्यात मला काही ऐकू येत नसे. मी हजेरीपटावर नजर ठेवून मनातल्या मनात प्रत्येक नाव नीट उच्चारायचे. ओठ हलू द्यायचे नाहीत, डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं.

पुढे मुलांनी स्वतः पॉडकास्ट करायचं ठरवलं. कॉम्प्युटरच्या बाईंनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात सतरंज्या टांगून दिल्या. धडा ठरला, माणसं ठरेनात. प्रत्येकाला पीछे वाले अंकल व्हायचं होतं. मॅडम व्हायला कोणी तयार होईना, कारण मॅडमला सगळं यावं लागतं आणि चुकलं तर सगळे हसतात. शेवटी एक लहानखुरी मुलगी तयार झाली. तिनं पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरला आणि म्हणाली, "पीछे वाले, आप बाहर जाके हँसिए, हमारी कक्षा में नहीं." हुबेहूब मी. सगळे हसले, मीही हसले. मला ओरडायचं होतं. मला मनसोक्त, घसा फाडून एखाद्यावर ओरडायचं होतं. बायका दागिन्यांसाठी झुरतात म्हणे, मी त्या दिवसांत एका रागावण्यासाठी झुरत होते.

घरी पाटी होती. यजमानांनी बाजारातून मुलांची पाटी आणि पेन्सिल आणली होती, जेवणाच्या टेबलावर ती असायची. मौनाची एक गंमत असते, लोक मुक्या माणसाला बहिरं समजतात. भाजीवाला मला बोटांनी भाव सांगायचा. शेजारीण माझ्या कानाशी येऊन हळू बोलायची. आणि यजमान, ज्यांचा घसा ठणठणीत होता, तेही हळूहळू पाटीवर लिहू लागले. मी लिहायचे, भाजी कोणती. ते माझ्या हातून पेन्सिल घेऊन खाली लिहायचे, दोडकी. एकदा मी पाटीवर लिहिलं की तुम्हाला बोलता येतं. त्यांनी वाचलं, हसले, आणि सवयीनं पेन्सिलीला हात घातला. आमचा मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करायचा तेवढं त्यांचं बोलणं व्हायचं, मी बाजूला बसून माना हलवायचे. फोन ठेवला की घर परत तसंच. आम्ही भांडलो नव्हतो, रुसलो नव्हतो, तरी घरात दोन माणसं न बोलता जेवत होती.

श्रावणात उज्जैनच्या शाळांना सोमवारी सुट्टी असते, महाकालाची सवारी निघते म्हणून, आणि बदल्यात रविवारी शाळा भरते. अशाच एका रविवारी वर्गातली वीज गेली, स्पीकरची बॅटरी संपली, आणि बोलणाऱ्या डब्याशिवाय मी वर्गात निरुपयोगी ठरले. मला लवकर घरी पाठवलं. मी जिना चढत होते आणि वरून माझा आवाज येत होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून आतली खोली दिसत होती. यजमान पलंगावर भिंतीला टेकून, रेकॉर्डिंगच्या दिवसांत बसायचे तसेच बसले होते. फोन समोर उशीवर. मी त्यात शिप्रेबद्दल सांगत होते. प्रश्न आला की ते उत्तर द्यायचे. फोनमधून त्यांचंच जुनं, चुकीचं उत्तर यायचं, आणि त्याच वेळी पलंगावर बसून ते बरोबर उत्तर द्यायचे, हळू आवाजात, हिंदीत, "मैडम" म्हणून. एके ठिकाणी फोनमधली मी रागावले. त्यांनी धडा मागे नेला आणि ते रागावणं परत लावलं.

मला आत जाता आलं नाही. मला त्या फोनमधल्या बाईचा हेवा वाटला, सवतीचा वाटावा तसा. मी जिन्यात खाली दोन पायऱ्या उतरून बसले आणि धडा संपेपर्यंत थांबले. मग किल्ली पर्समध्ये असूनही बेल वाजवली. ते दार उघडायला आले तेव्हा त्यांच्या हातात फडकं होतं, जणू आतापर्यंत टेबल पुसत होते. मी पाटीवर एवढंच लिहिलं, शाळेत वीज गेली.

गणपती झाले आणि डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. दाणे बरेच बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बोलायची परवानगी मिळाली, पण दिवसाला पाव तास, तोही एकदम नाही. पुढे थोडा वाढेल, असं म्हणाले, मग सांगितलं की पहिल्यासारखा आवाज येईल अशी आशा ठेवू नका, जो आहे तो जपून वापरा. स्कूटरवर मागे बसून मी सबंध रस्ता माझ्या पाव तासाचा विचार करत होते.  यजमानांनी वाटेत मिठाई घेतली.

सकाळी मी शाळेत गेले, मॉनिटरच्या हातातून हजेरीपट घेतला आणि पहिलं नाव घेतलं. आवाज जाड निघाला, खाली कुठेतरी घासत. वर्ग हबकला. ज्या मुलाचं नाव घेतलं होतं तो "यस मैडम" म्हणायच्या ऐवजी उभाच राहिला. मग दुसरं नाव, तिसरं. प्रत्येक नाव मी सावकाश घेतलं, प्रत्येकाच्या "यस मैडम"ला थांबले. मध्ये एकाला रागावून घेतलं, त्याचा दोष फारसा नव्हता, पण तो समोर सापडला. हजेरी संपली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाएवढी खुशी मला पहिल्या पगाराचीही झाली नव्हती.

संध्याकाळी यजमान वाट बघत होते. चहा ठेवला होता, समोरासमोर दोन खुर्च्या ओढलेल्या. मी पाटी घेतली आणि लिहिलं, आजचं शाळेत संपलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं." चहा गाळून दिला.

मग तो रिवाजच झाला. हजेरी आणि वर्गातले चार शब्द यातच पाव तास जायचा. रविवारी मी तोंड उघडायचे नाही, सोमवारी हजेरीला घसा मोकळा मिळावा म्हणून. असं करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, हे माझंच गणित. घरी पाटी होती, घरचं पाटीवर चालत होतं, वर्गातलं चालत नव्हतं. यजमानांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. खुर्च्या मात्र काही दिवस समोरासमोरच राहिल्या, मग झाडू मारताना मीच त्या जागेवर लावल्या.

नवरात्र उलटल्यावर मुलांनी हट्ट धरला की त्यांच्या पुढच्या पॉडकास्टमध्ये खरे पीछे वाले अंकल पाहिजेत. प्राचार्यबाईंची परवानगी मिळाली. यजमान इस्त्रीचा शर्ट घालून माधव नगरला शाळेत आले. बोलावलेल्या वेळेच्या बरेच आधी आले, बँकेची सवय. वर्गाचं दार उघडं होतं आणि मी हजेरी घेत होते. मला ते दिसले नाहीत. शेवटचं नाव घेऊन वर पाहिलं तर ते व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांची चप्पल काढलेली होती. कधी काढली, का काढली, कोण जाणे.

मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सतरंज्यांच्या आड बसून त्यांनी तीन गटांबरोबर रेकॉर्डिंग केलं, चुकीची उत्तरं दिली, मुलांकडून रागावून घेतलं. लहानखुऱ्या मॅडमनं त्यांना दोनदा बाहेर काढलं. मी लांबून बघत होते. माझा पाव तास संपला होता.

परत जाताना स्कूटर त्यांनी सावकाश चालवली. सिग्नलला थांबलो तेव्हा मागे न वळता ते म्हणाले, "तुझा आवाज बरा झालाय. जरा जाड झालाय, पण छान आहे." मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

सिग्नल सुटला. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला राग धरता आला असता. वर्गातल्या सगळ्या मुलांना माझा नवा आवाज ठाऊक होता, आणि ज्या माणसानं माझ्यासाठी भिंतीला टेकून आठवी परत केली त्याला तो व्हरांड्यात उभं राहून ऐकावा लागला. घरी येईपर्यंत माझे डोळे वाहत होते. हेल्मेटमुळे त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट मॉनिटरकडे दिला. तिनं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नावं गिळत गिळत वाचली. स्पीकर लावला. एक मुलगा मागच्या बाकावर दंगा करत होता, त्याला मी नजरेनंच दटावलं, माझे शब्द मी वाचवून ठेवले होते. ई-रिक्षातून येताना मी मनात बोलण्याची तयारी केली. मुलाच्या लग्नाचं बघायला हवं. गच्चीवरची टाकी गळते. त्या रविवारी मी जिन्यात बसले होते आणि सगळं ऐकलं, हे सांगायचं. तुमच्या उत्तरांत आता एकही चूक नव्हती, हेही.

ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी पर्स ठेवली, पाणी प्यायले, आणि म्हटलं, "अहो."

त्या सगळ्या रेकॉर्डिंगांत मी त्यांना एकदाही अहो म्हटलेलं नव्हतं. तिथे ते विद्यार्थी होते. म्हणजे एवढे महिने ते जे धडे लावून ऐकत होते, त्यांत ही हाक कुठेच नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं ते हाक तोंडातून गेल्यावर.

पाण्याचा आवाज थांबला. "ओ," ते म्हणाले. मग गॅलरीच्या दारात आले. हातातल्या मगातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. "काय गं?"

रिक्षात जमवलेलं सगळं निघून गेलं होतं. लग्न नाही, टाकी नाही, जिना नाही. मी म्हटलं, "काही नाही."

हातातला मग त्यांनी खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

"चालेल," ते म्हणाले. "तेच बोल."